वजा एकाहत्तर चारशे

डॉक्टर : ...आणि जिन्यावरून पडला म्हणजे नेमका कसा? पाय घसरला, की मधेच बसला?

निरीक्षक : घसरायलाही अंगात जोर लागतो हो. तिसऱ्या पायरीवर थांबला, माझ्याकडे बघितलं आणि पोतं टेकवावं तसा खाली बसला. तिथून दोन पायऱ्या घरंगळला. मी खालच्या वळणावर उभा राहून त्याला शिकवत होतो, 'ये.' आला तो. पण असा आला.

डॉक्टर : शुद्ध गेली होती?

बायको : डॉक्टर, यांना सांगा, शुद्ध नव्हती गेली. मी धावत गेले तेव्हा डोळे उघडे होते. माझा हात चाटला त्यानं.

डॉक्टर : काकू, काका तुमच्या शेजारीच बसलेत.

बायको : दिसतायत मला. तरी तुम्हीच सांगा.

निरीक्षक : आमच्यात बोलणं बंद आहे, डॉक्टर. आज एकविसावा दिवस. घरात सगळं या कुत्र्यामार्फत, छटाकमार्फत चालतं. 'छटाक, सांग त्यांना, पाणी तापलंय.' 'छटाक, सांग तिला, टॉवेल दे.' आज मधला माणूसच आजारी, म्हणून ते काम तुमच्याकडे आलं.

डॉक्टर : मधला माणूस, हलू नकोस बाळा. हिरड्या पांढुरक्या आहेत. ताप नाही. पाठीचे मणके बघा, एकेक मोजता येतोय. काका, पाच महिन्यांपूर्वी तुम्ही याला आणलं होतं तेव्हा याचं पोट टेबलाच्या दोन्ही बाजूंनी लोंबत होतं.

निरीक्षक : एकोणीस किलो, शून्य ग्रॅम.

डॉक्टर : आणि आता?

निरीक्षक : आज रविवार, म्हणजे वजनाचा दिवस. पडायच्या आधीच केलं. ही वही बघा. एकोणीस किलो दोनशे.

डॉक्टर : एकोणीस दोनशे? हा?

निरीक्षक : मलाही पटत नाही. पण काटा माझा आहे. बत्तीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होतो, डॉक्टर. दुसऱ्याच्या काट्यावर शिक्के मारता मारता माझे केस गेले. घरातल्या काट्यात खोट ठेवीन का? शिक्का दाखवू? फोटो आहे मोबाइलमध्ये. नातवंडांचे असतात लोकांकडे, माझ्याकडे काट्याचा आहे.

डॉक्टर : नको, तुमच्या काट्याबद्दल शंका घ्यायची माझी ताकद नाही. मागच्या वेळी माझ्या काट्याची काय शोभा केलीत ते आठवतंय मला.

निरीक्षक : शोभा नाही हो, तपासणी.

डॉक्टर : बाहेर दहा लोक मांजरं-कुत्री घेऊन बसले होते आणि तुम्ही पिशवीतून पितळेची वजनं काढून माझ्या काट्यावर मांडलीत. वर मोठ्यानं जाहीर केलंत, 'साडेतीनशे ग्रॅम जास्त दाखवतो!' त्या दिवशी एक बाई आपल्या पोपटाला घेऊन निघून गेली. पोपटाचं वजन करायचंही नव्हतं तिला.

निरीक्षक : चुकलंच माझं. निवृत्त होऊन आठवडाच झाला होता. हात शिवशिवत होते. भाजीवाल्याकडे गेलो तरी तेच. आता तो मला बघून काटाच झाकतो.

डॉक्टर : काकू, घरात याला वरचं काही कोणी घालतं का? खरं सांगा. फोनवर दर पंधरा दिवसांनी विचारते, दर वेळी काका म्हणतात नाही.

निरीक्षक : शक्यच नाही. खाण्याचा डबा सीलबंद आहे.

डॉक्टर : सीलबंद म्हणजे झाकण घट्ट?

निरीक्षक : सीलबंद म्हणजे सीलबंद. झाकणाच्या कडीतून तार, तारेला शिशाची गोळी, गोळीवर पकडीनं दाबलेला ठसा. पेट्रोलपंपाच्या मीटरला असतं तसं. आणि बाजूला एक झडप आहे, तिला कुलूप, किल्ली माझ्याकडे. तिथून मी सकाळ-संध्याकाळ मोजून काढतो. सील रोज तपासतो. साबूत आहे.

डॉक्टर : कुत्र्याच्या खाण्याला सील?

बायको : डॉक्टर, यांना विचारा, ते सील कोणासाठी लावलं. कुत्र्याला तर डबा उघडता येत नाही. घरात राहतं कोण? हे, मी आणि तो.

निरीक्षक : मी कोणाचं नाव घेतलं नव्हतं.

बायको : नाव कशाला घ्यायचं? दोन महिने रोज ऐकतेय. 'वजन उतरत नाही म्हणजे कोणीतरी चोरून घालतंय.' देवाशपथ सांगितलं, एक दाणा दिला नाही. तर म्हणाले, 'सगळे दुकानदार असंच म्हणायचे.' तीस वर्षं यांचा डबा भरून दिला मी, आणि मला दुकानदारांच्या रांगेत उभं केलं. त्या दिवसापासून बोलणं बंद.

डॉक्टर : बरं, ते नंतर. आधी हा. आता माझं ऐका, घाबरू नका, पण मला हे चांगलं दिसत नाही. अंगावर मांस नाही, बरगड्या वर आल्यात, तरी वजन तेवढंच. मग ते वजन गेलं कुठे? आत काहीतरी असणार. छातीत पाणी असेल, नाहीतर गाठ. पाच-सहा किलोची म्हणजे लहान गाठ नव्हे.

निरीक्षक : गाठ?

डॉक्टर : असेलच असं नाही. फोटो काढायला हवा. पण बघा, हात लावला तरी कळवळतोय, स्थिर पडणार नाही. गुंगीचं इंजेक्शन देते, मग एक्स-रे, गरज पडली तर सुईनं पाणी काढून बघू. अशा अशक्त कुत्र्याला गुंगी देण्यात धोका असतो, तेही सांगून ठेवते.

निरीक्षक : किती धोका?

डॉक्टर : असतो, काका.

निरीक्षक : डॉक्टर, मी एक सांगू? हसू नका. पूर्वी मी बाजारात शिरलो की अख्खी ओळ उठून उभी राहायची. 'या साहेब, बसा साहेब.' मला वाटायचं माणूस म्हणून मान आहे आपल्याला. निवृत्त झालो, दुसऱ्या दिवशी त्याच बाजारात गेलो, तर एकानंही मान वर केली नाही. तेव्हापासून मी दिसल्यावर उठून उभा राहणारा हा एकटाच उरलाय. आज तोही उठला नाही. याला काही झालं तर मी... तुम्ही द्या इंजेक्शन. लागेल ते करा.

डॉक्टर : धरा त्याचं डोकं. एकोणीस दोनशे, म्हणजे... एवढं. काकू, तुम्ही मागचे पाय धरा.

बायको : थांबा. ती सुई बाजूला ठेवा.

डॉक्टर : काकू, त्याला फार दुखत नाही.

बायको : दुखण्याचं नाही म्हणत मी. हा एकोणीस किलोचा नाही.

निरीक्षक : छटाक, सांग तिला, काटा शिक्क्याचा आहे.

बायको : छटाक, सांग त्यांना, शिक्का काट्याला असतो, कुत्र्याला नसतो. डॉक्टर, गेले पंधरा दिवस दुपारी हा जिना चढेनासा झालाय. हे झोपलेले असतात. मी याला उचलून तीन मजले वर आणते. माझे गुडघे तुम्हाला माहीत नाहीत, ह्यांना माहीत आहेत. एकोणीस किलो मी एक मजला तरी चढवीन का? तांदळाची दहा किलोची पिशवी आणली तर दोनदा टेकते. हा त्याच्यापेक्षा थोडासाच जड लागतो.

डॉक्टर : थोडासाच?

बायको : थोडासाच. आणि पोटात गाठ असती तर हाताला लागली नसती? मी कडेवर घेते त्याला. नुसती हाडं टोचतात. दोन महिन्यांपूर्वीच सांगितलं होतं यांना, 'अहो, याच्या बरगड्या हाताला लागतायत.' तर काय म्हणाले विचारा.

निरीक्षक : मी म्हणालो, 'हाताला लागतं त्याला माप म्हणत नाहीत.'

डॉक्टर : हं. आणि काकू, दुपारी नुसतं उचलूनच आणता?

बायको : आता लपवून काय करू? मूठभर खाणं घालते दुपारी. आधी खरंच दिलं नव्हतं. पण म्हटलं आळ आलाच आहे, तर निदान कुत्र्याच्या पोटात तरी जाऊ दे.

डॉक्टर : पण सील—

निरीक्षक : सीलचं राहू द्या हो, डॉक्टर. वजनाचं बोला.

डॉक्टर : वजनाचंच बोलते. हे इंजेक्शन वजनावर असतं, काका. एकोणीसचा डोस मी तेरा किलोच्या कुत्र्याला दिला असता, तर एवढ्या अशक्तपणात तो परत उठला नसता. मला आता शंभर टक्के खात्री हवी. सांगा, वजन नेमकं करता कसं?

निरीक्षक : शास्त्रशुद्ध. रविवारी सकाळी आठ वाजता. दोघंही उपाशीपोटी. त्याचा पट्टा काढतो, माझा शर्ट काढतो, चष्मा काढतो, घड्याळ काढतो. घड्याळ पंचावन्न ग्रॅमचं आहे, उगाच चूक नको.

डॉक्टर : तुमचं घड्याळ कशाला?

निरीक्षक : तो एकटा काट्यावर उभा राहत नाही ना. त्याला वाटतं काहीतरी टोचणार. मग मी त्याला उचलून घेतो आणि काट्यावर उभा राहतो. दोघांचं मिळून येतं. त्यातून माझं वजा करायचं, उरेल ते त्याचं. सोपं आहे. हे बघा, आजचं. दोघांचं नव्वद सहाशे. वजा एकाहत्तर चारशे. बाकी एकोणीस दोनशे.

डॉक्टर : एकाहत्तर चारशे हे तुमचं वजन.

निरीक्षक : हो.

डॉक्टर : आज सकाळचं.

निरीक्षक : नाही, माझं वजन एकाहत्तर चारशे. वीस वर्षं तेवढंच आहे. डॉक्टर, आमच्या ऑफिसात नवा मोठा काटा आला की आधी मला उभं करायचे त्याच्यावर. 'साहेब म्हणजे चालतंबोलतं माप,' म्हणायचे. निवृत्तीच्या दिवशी हारतुरे झाल्यावर सगळ्यांनी मिळून शेवटचं एकदा उभं केलं, टाळ्या वाजवल्या. एकाहत्तर चारशे! एक ग्रॅम इकडे नाही, तिकडे नाही.

डॉक्टर : हार काढून ना?

निरीक्षक : अर्थात हार काढून!

डॉक्टर : आणि त्यानंतर?

निरीक्षक : त्यानंतर काय?

डॉक्टर : त्यानंतर तुमचं स्वतःचं, एकट्याचं वजन कधी केलंत?

निरीक्षक : माझं कशाला? जाड तर तो होता.

बायको : अगं बाई.

डॉक्टर : काका, उठा. त्या जिन्याखाली माझा मोठा काटा आहे. त्याच्यावर खाण्याची दोन पोती आहेत, ती मी उतरवते.

निरीक्षक : तुमचा काटा साडेतीनशे ग्रॅम जास्त दाखवतो.

डॉक्टर : वजा करू. चपला काढा.

निरीक्षक : शर्टसुद्धा?

डॉक्टर : शर्ट, चष्मा, घड्याळ, सगळं सकाळसारखंच; पडदा ओढते. खिसे रिकामे करा.

बायको : खिसे नक्की बघा, डॉक्टर. उजव्या खिशात शेंगदाणे असतील.

निरीक्षक : ते त्याच्या शिक्षणाचे आहेत.

डॉक्टर : त्याला शेंगदाणे खायला घालता?

निरीक्षक : छे, त्याला कसे घालणार? त्याचं पथ्य. पण तुम्हीच म्हणाला होता ना, नुसतं खाणं कमी करून भागत नाही, त्याला कामाला लावा, 'बस', 'थांब', 'ये' असं शिकवा. पुस्तक आणलं मी. पुस्तकात लिहिलंय, कुत्र्यानं ऐकलं की दोन सेकंदांच्या आत बक्षीस द्यावं, नाहीतर त्याला कळत नाही कशाबद्दल मिळालं. आता बक्षीस तर द्यायला हवं आणि त्याला चालत नाही. मग 'बस' म्हटलं, तो बसला की मी खायचो.

डॉक्टर : तुम्ही?

निरीक्षक : दोन सेकंदांच्या आत.

डॉक्टर : रोज किती वेळा बसतो तो?

निरीक्षक : हुशार आहे हो. साठ-सत्तर वेळा.

बायको : आणि त्याच्या समोर जेवायला नको, त्या जिवाला वाईट वाटतं, म्हणून हे आतल्या खोलीत दार लावून जेवतात. दार लावल्यावर किती वेळा वाढून घेतात ते मला दिसत नाही. पातेलं मात्र रिकामं येतं. शिवाय फिरायला नेतात तिथे तो अर्ध्या रस्त्यात दमून बसतो, मग हे चहाच्या टपरीवर बसतात. बिस्किटांचा पुडा पुरा करून येतात. टपरीवाला मला परवा म्हणाला, 'साहेबांची तब्येत छान सुधारली हो!'

निरीक्षक : ते प्रेमानं म्हणाला तो.

डॉक्टर : उभे राहा. हलू नका. खाली बघू नका, मी वाचते. अठ्ठ्याहत्तर... एकशे पन्नास. वजा साडेतीनशे. सत्याहत्तर आठशे.

(टेबलावर छटाक जांभई देतो.)

निरीक्षक : परत बघा.

डॉक्टर : सत्याहत्तर आठशे, काका.

निरीक्षक : नव्वद सहाशेतून सत्याहत्तर आठशे गेले... बारा आठशे. बारा किलो आठशे. थांबा, त्याला आणा. त्याला ठेवा इथे. एकट्याला. ये रे माझ्या राजा, काही टोचत नाही इथे, मी धरतो... नाही, मी नको. माझा हात लागता कामा नये. माझ्या हातानं काय काय झालंय. तू ठेव त्याला, अगं तू ठेव.

बायको : आला, आला. असा. बस हं सोन्या.

डॉक्टर : तेरा एकशे पन्नास. वजा साडेतीनशे.

निरीक्षक : बारा आठशे.

डॉक्टर : गाठ नाही, काका. पाणी नाही. काहीही नाही आत. हा फक्त उपाशी आहे.

निरीक्षक : आणि ती गाठ माझ्या पोटावर आहे. बघा ना. त्याचे सहा किलो दोनशे गेले, माझे सहा किलो चारशे आले. काटा जागचा हलला नाही, हलणार कसा? इकडचं तिकडे झालं नुसतं. वर दोनशे ग्रॅम मी वाढवून घेतले. अहो, असा व्यापार तर बाजारातल्या एकाही लबाडानं केला नव्हता!

डॉक्टर : काका, बसा तुम्ही आधी.

निरीक्षक : नको, बसलो की कोणीतरी शेंगदाणा खाईल. डॉक्टर, तुम्हाला माहीत आहे, आमच्या खात्यात दुकानदाराच्या वजनांनाही मुदत असते. दोन वर्षांनी परत आणून तपासून घ्यायची. लोखंडाची वजनं, पितळेची वजनं, ती झिजतात, म्हणून. ज्यानं मुदत पाळली नाही त्याची मी जागच्या जागी जप्त केली आहेत. एका म्हाताऱ्या वाण्याला भर दुकानात सुनावलं होतं, 'वजन काल बरोबर होतं म्हणून आज बरोबर असेल, हे कोणी सांगितलं तुम्हाला?' त्याला सुनावलं. आणि मी स्वतः पंचावन्न ग्रॅमचं घड्याळ काढून ठेवत होतो!

बायको : अहो, पुरे आता.

निरीक्षक : बोललीस?

बायको : नाही. छटाकला म्हणाले.

डॉक्टर : पण काका, एक मला कळत नाही. दर रविवारी उचलत होतात त्याला. सहा किलोचा फरक हाताला जाणवला नाही?

निरीक्षक : जाणवला की. चांगला जाणवला.

डॉक्टर : मग?

निरीक्षक : मला वाटलं, माझी ताकद वाढली.

बायको : खरं आहे, डॉक्टर. मलाच दाखवायचे. बोलणं चालू होतं तेव्हाची गोष्ट. 'बघ, या वयात एका झटक्यात एकोणीस किलो उचलतो! सकाळच्या फिरण्याचा परिणाम.' मीही म्हटलं, असेल बाई.

निरीक्षक : आरशात दंड बघायचो मी. पोट दिसत होतं, पण बघायचो दंड.

डॉक्टर : एकटे तुम्हीच नाही, मीही बसते तुमच्या बाकावर. फोनवर आकडे ऐकायचे आणि म्हणायचे, 'अजून वीस ग्रॅम कमी करा.' दर वेळी कमी करा, कमी करा. आज टेबलावर डोळ्यांना दिसत होतं, बारा-तेराचं कुत्रं आहे. दहा वर्षं हेच काम करतेय. पण म्हटलं, माझ्या काट्यापेक्षा काकांचा आकडा खरा. मोठं कुत्रं आलं की मी ही पोती उतरवते. फक्त तुमच्यासाठी उतरवली नाहीत, कारण तुमच्यासमोर तो काटा काढायची लाज वाटली. लाजेपायी सुई भरली होती मी. काकूंनी थांबवलं नसतं तर...

बायको : होऊ नये ते झालं नाही. आता याला काय द्यायचं ते सांगा.

डॉक्टर : आत्ता सलाइन लावते आणि रक्त घेते, काळजी म्हणून. दुपारपर्यंत इथेच राहू दे. मग घरी. पण आज घरी गेल्यावर प्रेम ऊतू जाऊन वाटीभर घालायचं नाही. इतके दिवस उपाशी राहिलेल्या पोटाला एकदम खाणं सोसत नाही, उलटा त्रास होतो. थोडं थोडं, दिवसातून पाच वेळा. मऊ भात आणि उकडलेलं अंडं, मीठ-मसाला नाही, कांदा तर अजिबात नाही. त्यात त्याचं नेहमीचं खाणं भिजवून मूठभर. दर दोन दिवसांनी जरा वाढवायचं. दहा-बारा दिवसांत पूर्ण. आणि जिना आठवडाभर बंद.

निरीक्षक : मूठ म्हणजे किती ग्रॅम?

डॉक्टर : मूठ म्हणजे मूठ, काका. काकूंची.

निरीक्षक : बरोबर. माझी मूठ अप्रमाणित.

डॉक्टर : आणि वजन इथे येऊन करायचं, त्याला एकट्याला उभं करून. तो काटाही दुरुस्तीला पाठवते उद्या. पण मधल्या काळात घरी रोज एक करा. हात पुढे करा, काका. मूठ वळा. आता दुसऱ्या हाताची बोटं मुठीच्या उंचवट्यांवरून फिरवा. कशी लागतात?

निरीक्षक : टोकदार. खडबडीत.

डॉक्टर : बरगड्या अशा लागल्या तर कुत्रं उपाशी. आता पंजा सरळ करा आणि वरच्या बाजूनं, बोटांच्या मुळाशी फिरवा. हाडं कळतात, पण टोचत नाहीत. असं हवं. आणि तळहाताकडून फिरवलं की हाडं दबून जातात, तसं लागलं तर कुत्रं जाड. झालं. याला ना रविवार लागतो, ना वजाबाकी.

निरीक्षक : म्हणजे हाताला लागतं त्यालाही माप म्हणतात.

बायको : दोन महिन्यांपूर्वी मी हेच सांगत होते.

निरीक्षक : फिरवू का मी? त्याला चालेल?

डॉक्टर : त्यालाच विचारा.

निरीक्षक : छटाक... अरे देवा. मुठीसारखं लागतंय. सगळीकडे मुठीसारखंच. इथे तर... पाच महिने दर रविवारी छातीशी धरून उभा होतो मी याला. छातीशी! आणि मान वाकडी करून आकडा बघत होतो. चाटू नकोस रे. मला काय चाटतोस, गाढवा? मी उपाशी ठेवलं तुला. तिला चाट.

डॉक्टर : हे लावते सलाइन. मी आत जाऊन रक्ताच्या नळ्या घेऊन येते. तुम्ही दोघं बसा याच्यापाशी. आणि हो, काका, तुमचंही खाणं लिहून देऊ का?

निरीक्षक : लिहा. 'बस' म्हटल्यावर बसायला मी आता शिकलो आहे.

बायको : गेल्या आत. डोळे पुसा. हा पदर घ्या.

निरीक्षक : डोळ्यांत काही नाही. ऐक... माझं चुकलं.

बायको : कोणाला म्हणताय? मला, की छटाकला?

निरीक्षक : दोघांना. पण तुला आधी. तू शपथ घेतलीस, तरी मी काट्यावर विश्वास ठेवला. तुझ्यावर नाही. तीस वर्षांच्या बायकोपेक्षा मला तो डबडा काटा खरा वाटला. दुकानदारांच्या रांगेत उभं केलं म्हणालीस ना, ते फार लागलं मला. खरंच केलं होतं.

बायको : केलं होतंत. आणि मी विसरणार नाही, हेही सांगून ठेवते. वर्षातून दोन-तीनदा काढणार आहे हे.

निरीक्षक : काढ. मुदत नाही त्याला. घरी गेलो की त्या डब्याचं सील कापून टाक. पकड कपाटात वरच्या खणात आहे.

बायको : आता काय कापायचं त्यात? कापून अठरा दिवस झाले. तुमच्याच पकडीनं कापलं. रोज दुपारी उघडते, मूठ काढते आणि तार नुसती गुंडाळून ठेवते, सील लावल्यासारखी. बत्तीस वर्षं गावभरची सीलं तपासलीत, आणि घरातलं तुटलेलं दिसलं नाही तुम्हाला!

निरीक्षक : दिसलं होतं.

बायको : कधी?

निरीक्षक : दुसऱ्याच दिवशी सकाळी.

बायको : मग मघाशी डॉक्टरांना साबूत आहे म्हणून का सांगितलंत?

निरीक्षक : तू शेजारी बसली होतीस ना. बत्तीस वर्षांत खोटा दाखला एकच दिला. तोही आज.

बायको : अहो, पण इतके दिवस बोलला का नाहीत?

निरीक्षक : बोलणं बंद होतं आपलं. आणि दुपारी डब्याचा आवाज आला की झोपेचं सोंग घेऊन ऐकायचो, त्याची शेपटी जमिनीवर आपटायची. बरं वाटायचं. तार मात्र तुला नीट गुंडाळता येत नव्हती. टोक बाहेर राहायचं. रोज सकाळी तू आंघोळीला गेलीस की मी ते आत वळवून ठेवायचो.